सहारा झाडं तोडल्यामुळे वाळवंट झालं का?

‘माणसानं जंगल तोडलं म्हणून सहारा वाळवंट झालं, झाडं लावा, पुन्हा हिरवं होईल,’ असा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. सहारा एकेकाळी हिरवं होतं, हे खरंच. सुमारे ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी तिथे गवताळ रानं आणि तळी होती. अल्जीरियातल्या तासिली पठारावरच्या खडकांवर रंगवलेले गुरांचे कळप, पाणघोडे आजही पाहता येतात. पण पृथ्वीच्या अक्षाची दिशा हजारो वर्षांत हळूहळू बदलते. त्यामुळे उत्तरेकडचं उन्हाळी ऊन कमी झालं आणि मोसमी पाऊस दक्षिणेला सरकला. मुख्य कारण हे. पाऊसच नाही तिथे नुसती रोपं तगत नाहीत.

आशा आहे ती दक्षिण काठावरच्या साहेलमध्ये, कारण तिथे थोडा तरी पाऊस पडतो. याच पट्ट्यातल्या नायजर देशातल्या शेतकऱ्यांनी जुन्या बुंध्यांना फुटलेले धुमारे राखले, अर्धचंद्राकृती खड्ड्यांत पाणी अडवलं. दक्षिण नायजरची जुनी-नवी उपग्रहचित्रं शेजारी ठेवून पाहा. शेताशेतांत वाढलेली झाडं दिसतील.