मायक्रोवेव्हने हेम्पचा अर्क

भांगेच्या ज्या वाणांमध्ये नशा आणणाऱ्या टीएचसीचे प्रमाण नगण्य असते, त्यांना हेम्प म्हणतात. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने ही मर्यादा कोरड्या वजनाच्या ०.३ टक्के ठरवली आहे. धाग्यासाठी आणि बियांसाठी लावल्या जाणाऱ्या या पिकाच्या फुलापानांत कॅनाबिडिऑल म्हणजे सीबीडी, सुगंधी टर्पिने आणि फ्लॅव्होनॉइडे असतात. यांपैकी सीबीडीपासून बनवलेले औषध लहान मुलांमधील अपस्माराच्या काही दुर्धर प्रकारांवर मान्यता पावलेले आहे. इतर बहुतेक द्रव्यांचे गुण मात्र अजून प्रयोगशाळेपुरतेच दिसले आहेत.

ही द्रव्ये वनस्पतीतून काढण्यासाठी रूढ सॉक्सलेट पद्धतीत गरम द्रावक वाळलेल्या चुऱ्यावरून तासन्‌तास पुन्हापुन्हा फिरवावा लागतो. मायक्रोवेव्ह पद्धतीत तेच काम बहुधा काही मिनिटांत होते. या उपकरणातील लहरींचे विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तने करते आणि पाणी किंवा इथेनॉल यांचे ध्रुवीय रेणू, म्हणजे एका टोकाला किंचित धन व दुसऱ्या टोकाला किंचित ऋण भार असलेले रेणू, त्याच्यामागे दिशा बदलू पाहतात. शेजारच्या रेणूंशी होणाऱ्या घर्षणातून उष्णता थेट द्रवाच्या आतच निर्माण होते. हेक्झेनसारखा अध्रुवीय द्रावक मात्र या लहरी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून येथे द्रावकाची निवड अर्ध्याहून अधिक काम करते. पेशींत उरलेला ओलावाही तापतो, त्याची वाफ आतून दाब देते आणि पेशीभित्ती फुटून आतले पदार्थ बाहेर पडतात.

पेशी फुटण्याचा हा लाभ सर्व द्रव्यांना सारखा मिळत नाही, हे सहसा सांगितले जात नाही. सीबीडीचा मोठा साठा फुलांवरील राळयुक्त ग्रंथींच्या टोकांत असतो. हे टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे असून त्याच्या पातळ आवरणाखाली राळ साठलेली असते, त्यामुळे इथेनॉल तिथवर सहज पोहोचते. पानांच्या पेशींत अडकलेल्या फ्लॅव्होनॉइडांसारख्या फिनॉलवर्गीय द्रव्यांसाठी मात्र मायक्रोवेव्हचा खरा उपयोग आहे.

तापमानाचा प्रश्न याहून नाजूक आहे. ताज्या वनस्पतीत सीबीडी मुख्यतः सीबीडीए या आम्लरूपात असते आणि तापवल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन सीबीडी बनते. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, पण बंद, दाब सहन करणाऱ्या पात्रात त्याचे तापमान १०० अंशांच्या पुढे नेता येते, आणि तिथे अर्क निघणे व हे रूपांतर एकाच वेळी सुरू होते. सीबीडी हवे असेल तर ही सोयच आहे. आम्लरूप जसेच्या तसे टिकवायचे असेल किंवा उडून जाणारी टर्पिने वाचवायची असतील, तर तापमान कमी ठेवून वेळ मोजूनमापून द्यावा लागतो. त्यामुळे केवळ किती अर्क मिळाला एवढ्यावरून पद्धतीची तुलना करणे मला अपुरे वाटते.

इथेनॉल ज्वलनशील असल्याने यासाठी घरगुती मायक्रोवेव्ह कधीही वापरू नये. प्रयोगशाळेतील यंत्रांत दाब आणि तापमान सतत मोजले जाते. अर्काबरोबर हरितद्रव्य आणि मेणही येते. मेण वेगळे करण्यासाठी इथेनॉलमधील द्रावण उणे २० अंशांच्या आसपास थंड करून गाळतात.

मोठ्या प्रमाणावर उत्पादन करताना अडचण वेगळी येते. सेकंदाला २४५ कोटी आवर्तनांच्या या लहरी ध्रुवीय द्रवात काही सेंटिमीटरच शिरतात, त्यामुळे मोठ्या टाकीचा मध्यभाग थंडच राहतो. म्हणून तेथे मिश्रण अरुंद नळीतून वाहते ठेवतात किंवा अधिक खोल जाणाऱ्या, सेकंदाला ९१.५ कोटी आवर्तनांच्या म्हणजे ९१५ मेगाहर्ट्‌झच्या लहरी वापरतात.