प्रागैतिहासिक उभ्या शिळा

प्रागैतिहासिक काळात माणसांनी जमिनीत रोवून उभ्या केलेल्या मोठ्या दगडांना उभ्या शिळा किंवा मेनहिर म्हणतात. त्या एकट्या, रांगेत किंवा वर्तुळात आढळतात. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रदेशात कारनाक येथे सुमारे ३,००० शिळांच्या रांगा आहेत. इंग्लंडमधील स्टोनहेंज आणि स्कॉटलंडमधील कॅलनिश येथील रचना वर्तुळाकार आहेत.

या शिळांचे गूढ नेमके कशात आहे, हे आधी पाहायला हवे. त्या आणल्या कशा, याचा उलगडा बराचसा झाला आहे. स्टोनहेंजचे निळसर दगड वेल्समधील प्रेसेली टेकड्यांतून, म्हणजे २०० किलोमीटरहून अधिक अंतरावरून आले. तेथील मधोमध आडवी पडलेली मोठी ‘वेदीशिळा’ स्कॉटलंडच्या ईशान्य भागातील असल्याचे २०२४ मध्ये खनिजांच्या विश्लेषणातून दिसून आले. दोरखंड, ओंडके आणि पुरेशी माणसे असली की असे दगड हलवता येतात, हे प्रयोगांनीही दाखवले आहे. कालनिर्णय त्याहून अवघड आहे, कारण दगडाला रेडिओकार्बन पद्धत (सजीवांच्या अवशेषांचे वय ठरवणारी पद्धत) लागू पडत नाही आणि बुडाच्या खड्ड्यातील कोळसा, हाडे किंवा शिंगे यांवर प्रामुख्याने विसंबावे लागते.

खरे कोडे हेतूचे आहे. स्टोनहेंजचा अक्ष उन्हाळी अयनदिनाच्या (वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या) सूर्योदयाशी आणि हिवाळी अयनदिनाच्या (सर्वांत लहान दिवसाच्या) सूर्यास्ताशी जुळतो, हे निर्विवाद आहे. परंतु त्यावरून प्रत्येक शिळेला वेधशाळेचा भाग ठरवणे चुकीचे होय. मुळात उभारणाऱ्यांच्या वंशजांनीही हे दगड कायम पूज्य मानले असतील, असे गृहीत धरता येत नाही. ब्रिटनीतील लॉकमारियाकेर येथे सुमारे २० मीटर लांबीची एक प्रचंड शिळा चार तुकडे होऊन पडली आहे. तिच्या शेजारी उत्खननात इतर शिळांचे खड्डे रांगेने सापडले, शिळा मात्र तेथे नाहीत. त्याच परिसरातील एका कोरीव शिळेचे तुकडे पुढे नवाश्मयुगातच (शेती सुरू झालेल्या अश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्यातच) थडग्यांच्या बांधकामात वापरले गेले. एक तुकडा लॉकमारियाकेरच्या थडग्यावर, तर दुसरा सुमारे ४ किलोमीटरवरील गाव्रिनी बेटावरच्या थडग्यावर छत म्हणून बसवला आहे, आणि एकावर अर्धवट राहिलेली शिंगांच्या जनावराची आकृती दुसऱ्यावर पूर्ण होते. लॉकमारियाकेरच्या तुकड्यावरील कोरीवकाम आतून छताकडे पाहिल्यास दिसते. गाव्रिनीच्या तुकड्याची कोरलेली बाजू मात्र वरच्या अंगाला ठेवून दगडांच्या राशीखाली झाकली होती आणि १९८० च्या दशकात ती रास बाजूला केल्यावरच ती उजेडात आली.