पीएचओ२: स्फुरदाला लगाम घालणारं विकर (एन्झाइम)

स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं की पानं जांभळट होतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जास्त झालं तर रोप स्वतःला कसं आवरतं, हा प्रश्न मात्र बरीच वर्षं मागेच राहिला होता.

१९९५ मध्ये कॅनबेऱ्याच्या सीएसआयआरओ संस्थेत डेलहेझ आणि रँडल यांना अरॅबिडॉप्सिसचं (मोहरीच्या कुळातलं, प्रयोगशाळांचं लाडकं तण) एक विचित्र उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेलं) रोप मिळालं. त्याच्या पानांत फॉस्फेट (रोप स्फुरद घेतं ते याच रूपात) साचत होतं, मुळांत मात्र नेहमीइतकंच होतं. १९९१ मध्ये बरोब्बर उलट दोषाचं रोप सापडलं होतं; त्यात फॉस्फेट मुळांतून वर चढतच नव्हतं. ते पीएचओ१, म्हणून हे पीएचओ२. यीस्टमध्येही पीएचओ२ नावाचं जनुक आहे, पण त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

साचतंय पानांत, म्हणून संशयही पानांवरच गेला: तिथून फॉस्फेट खाली परतत नसावं. २००६ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या गटाने कलमं बांधून पाहिली. दोषी मुळावर निरोगी शेंडा बसवला, तरी पानांत फॉस्फेट साचलंच. खोट मुळात होती.

त्याच वर्षी या गटाने आणि तैवानच्या एका गटाने जनुकही ओळखलं. ते निघालं युबिक्विटिन जोडणाऱ्या विकराचं, यूबीसी२४ चं. युबिक्विटिन म्हणजे ७६ अमिनो आम्लांची चिठ्ठी. ती ज्या प्रथिनावर चिकटली, ते मोडीत निघतं. प्रथिनं मोडणाऱ्या या चिठ्ठीच्या शोधासाठी चिखानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चं नोबेल मिळालं होतं. चिठ्ठी तीन हातांतून, म्हणजे तीन प्रकारच्या विकरांतून जाते: ई१, ई२, ई३. पीएचओ२ हा मधला हात. बहुतेक ई२ दीडेकशे अमिनो आम्लांचे असतात, हा मात्र नऊशेच्या घरातला. उत्परिवर्तित रोपात डीएनएचं एकच अक्षर बदललं होतं, पण त्यामुळे प्रथिन पूर्ण होण्याआधीच तुटत होतं.

मग हे विकर मोडीत काय काढतं? मुळांत फॉस्फेट आत घेणारे पीएचटी१ वाहक, आणि २०१२ मध्ये कळलं त्याप्रमाणे खुद्द पीएचओ१! दोन उलट दोषांची रोपं अशी एका धाग्यात आली. फॉस्फेटची उपासमार झाली की एमआयआर३९९ हा छोटासा आरएनए शेंड्यातून मुळाकडे उतरतो आणि पीएचओ२ चा संदेश (ज्यावरून प्रथिन बनतं ती जनुकाची आरएनए-नक्कल) कापून टाकतो. लगाम सैल होतो.

अरॅबिडॉप्सिसमध्ये असे ई२ सदतीसच्या आसपास आहेत, त्यामुळे रोपाच्या रसात कुणाचं काम कुठलं हे निवडणं अवघड. म्हणून अशा विकरांचं जनुक ई. कोलाय जीवाणूत घालून रिकॉम्बिनंट प्रथिन बनवतात. या जीवाणूकडे युबिक्विटिनची व्यवस्थाच नसते, त्यामुळे भेसळीची भीती नाही. परीक्षानळीत ई१ आणि युबिक्विटिन दिलं की चिठ्ठी ई२ च्या एका सिस्टीनवर (हे एक अमिनो आम्ल) येऊन बसते. पीएचओ२ मध्ये तो सिस्टीन ७४८ व्या जागी आहे. तिथे अलॅनिन हे दुसरं अमिनो आम्ल बसवलं, की विकर निकामी.