फ्रीझरच्या दारापर्यंतचे दोन तास

२००२ साली एका शोधनिबंधाने खळबळ उडवली. सीरममधल्या (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातल्या) प्रथिनांचा आलेख पाहून अंडाशयाचा कर्करोग ओळखता येतो, असा त्यात दावा होता. कर्करोगाचे पन्नासच्या पन्नास नमुने बरोबर ओळखले गेले होते. पुढे इतरांनी तोच डेटा उकरून पाहिला, तेव्हा दोन गटांतला बराचसा फरक रोगाचा नसून नमुने हाताळण्याचा आणि यंत्रावर चालवण्याचा असावा, असं दिसू लागलं. ती चाचणी नेहमीच्या वापरात आलीच नाही.

बायोबँक, म्हणजे संशोधनासाठी रक्त-ऊतींचे नमुने जपणारी पेढी, उभारताना पैसा आणि चर्चा दोन्ही फ्रीझरवर खर्च होतात. नमुना बिघडतो तो मात्र बहुतेकदा त्याआधीच.

शिरेतून काढलेलं रक्त ट्यूबमध्येही जिवंत असतं. पेशी ग्लुकोज खात राहतात. पेशी वेगळ्या न केलेल्या रक्तात ते खोलीच्या तापमानाला ताशी ५ ते ७ टक्क्यांनी उतरतं. मग ट्यूब फ्रिजमध्ये ठेवावी? थंडीत तांबड्या पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. उपाय एकच: पेशी लवकर वेगळ्या करा. पण सीरमच्या बाबतीत फार लवकरही नको. ट्यूब उभी ठेवून निदान ३० मिनिटं रक्त नीट गोठू द्यावं लागतं. घाई केली की फायब्रिनचे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे) तंतू सीरममध्ये राहतात आणि यंत्राची सुई तुंबते.

जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए हे रसायन कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून तिच्यात रक्त गोठत नाही. ती खुणेपर्यंत भरून लगेच आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करायची. जोरात हलवली की पेशी फुटतात. सीरमच्या ट्यूबला रक्त कमी पडलं म्हणून या ट्यूबमधलं थोडं तिकडे ओतणं ही तर हमखास होणारी चूक. हे ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं, त्यामुळे अहवालात पोटॅशियम भरमसाट आणि कॅल्शियम तळाला दिसतं. ही जोडी एकत्र दिसली की मुरलेला तंत्रज्ञ आधी ट्यूबवर संशय घेतो, रुग्णावर नंतर.

पुढचा घोळ सेंट्रिफ्यूजचा, म्हणजे नमुना गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्राचा. ‘३००० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), १० मिनिटं’ असं लिहिलेली कार्यपद्धती अर्धवट असते. नमुन्यावरचं बल फेऱ्यांच्या वर्गावर आणि रोटरच्या त्रिज्येवर ठरतं. ३००० फेऱ्यांना १० सेंटिमीटर त्रिज्येवर ते सुमारे १,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट) भरतं, १७ सेंटिमीटरवर सुमारे १,७००. बल कमी पडलं की प्लाझ्मात (न गोठलेल्या रक्ताच्या द्रव भागात) प्लेटलेट्स जास्त उरतात, गोठवल्यावर फुटतात आणि आतली प्रथिनं प्लाझ्मात सांडतात. मग एका केंद्रातले लोक दुसऱ्या केंद्रातल्यांपेक्षा ‘वेगळे’ दिसतात. म्हणून कागदावर जी लिहा.

प्लाझ्मा अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या कुप्यांत वाटून ठेवायचा. एकच मोठी कुपी ठेवली तर प्रत्येक चाचणीसाठी सगळा नमुना वितळवून पुन्हा गोठवावा लागतो. प्लाझ्माला उणे ८० अंश सहसा पुरतात. जिवंत पेशींना नाही. त्यांना साधारण १० टक्के डीएमएसओ (बर्फापासून पेशी वाचवणारं रसायन) घालून मिनिटाला १ अंश या गतीने थंड करायचं, म्हणजे पेशीत बर्फ धरण्याआधी पाणी बाहेर पडतं. नंतर त्या द्रव नायट्रोजनच्या वाफेत ठेवायच्या. एक लिटर द्रव नायट्रोजनचा जवळपास ७०० लिटर वायू होतो, तेव्हा त्या खोलीत ऑक्सिजनचा अलार्म हवाच. गुदमरणाऱ्याला आधी काहीच जाणवत नाही.

ऊतींचं घड्याळ वेगळं. स्तनाच्या कर्करोगात एचईआर-२ हे उपचार ठरवणारं प्रथिन तपासायचं असेल तर काढलेला तुकडा तासाभरात फॉर्मालिनमध्ये जायला हवा आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवा. इथे चूक झाली तर उपचाराचा निर्णयच चुकू शकतो.

आणि फ्रीझरवरचा आकडा? २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका मेंदू-पेढीत बाहेरचा आकडा उणे ७९ दाखवत होता; आत तापमान शून्याच्या वर गेलं होतं. अलार्म वाजला नाही, सुमारे दीडशे मेंदू वितळले. म्हणून फ्रीझरच्या स्वतःच्या सेन्सरवर भिस्त ठेवू नये. वेगळा सेन्सर, त्याला वेगळी बॅटरी, एकाच व्यक्तीच्या कुप्या दोन फ्रीझरांत, आणि एक रिकामा फ्रीझर कायम थंड. हा रिकामा फ्रीझर मंजूर करून घेणं सगळ्यात अवघड, कारण हिशेब तपासणाऱ्याला तो वाया गेलेला दिसतो.

प्रत्येक कुपीच्या बारकोडमागे चार गोष्टींच्या वेळा नोंदलेल्या हव्यात: रक्त काढल्याची, सेंट्रिफ्यूजची, गोठवल्याची आणि प्रत्येक वितळवण्याची. उशीर झालेला नमुना फेकू नये. उशीर लिहून ठेवावा, संशोधक त्या उशिरानंतरही चालणारी चाचणी निवडतो. मात्र उशिराबद्दल तंत्रज्ञाला बोलणी बसू लागली, की आठवड्याभरात सगळ्या नोंदींत नेमकी ३० मिनिटं दिसू लागतात.