आयोवातील नामवंत व्यक्ती

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात पूर्वेला मिसिसिपी आणि पश्चिमेला मिझुरी या दोन नद्यांच्या मधोमध आयोवा हे राज्य वसले आहे. 28 डिसेंबर 1846 रोजी ते 29वे राज्य म्हणून संघराज्यात आले. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे कमी, आणि लोकसंख्या 2020च्या गणतीप्रमाणे सुमारे 32 लाख, म्हणजे 2011 सालच्या पुणे शहराएवढी. राजधानी दे मॉइन. काळीभोर जमीन, मका, सोयाबीन आणि डुकरे ही राज्याची ओळख. आयोवा हे नाव तिथल्या मूळ आयोवे लोकांवरून पडले. या भूमीतून हुसकावून लावलेल्या मेस्क्वाकी लोकांनी 1857 साली टामाजवळ स्वतःच्या पैशाने जमीन विकत घेतली आणि ते परत येऊन राहिले.

इतक्या विरळ वस्तीच्या शेतकरी राज्यातून एक राष्ट्राध्यक्ष, एक उपराष्ट्राध्यक्ष, एक शांततेचे नोबेल मानकरी आणि इंटेलचा एक संस्थापक आला. पण आयोवाने जगाला दिलेले सर्वांत मोठे देणे म्हणजे पिकांवर काम करणारी तीन माणसे. तिघांनाही एकाच धाग्यात ओवता येते आणि तो धागा भारतातल्या गव्हाच्या शेतापर्यंत येतो.

पहिला माणूस जन्माने आयोवाचा नव्हे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मिझुरी राज्यात गुलामीत जन्मले. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे मराठी घरांत हे नाव परके राहिलेले नाही. कॅन्ससमधल्या एका महाविद्यालयाने आधी प्रवेश देऊन, कातडीचा रंग पाहिल्यावर त्यांना दारातून परत पाठवले. आयोवाने मात्र आत घेतले. इंडियानोला गावच्या सिम्प्सन महाविद्यालयात ते लोकांचे कपडे धुऊन पोट भरत आणि चित्रकला शिकत. झाडांवरचा त्यांचा हात पाहून चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी त्यांना एम्सच्या कृषी महाविद्यालयात पाठवले. एटाबाईंचे वडील तिथेच उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. कार्व्हर त्या महाविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पुढे पहिले कृष्णवर्णीय अध्यापक झाले. 1896 मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन ते अलाबामा राज्यातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत शिकवायला गेले. जन्मगाव पाहून माणसे मोजायची तर त्यांना या नोंदीतून वगळावे लागेल, पण ते अन्यायाचे होईल.

एम्सला असताना कार्व्हर रानात झाडे पाहायला निघाले की एका सहकाऱ्याच्या लहानग्या मुलाला सोबत नेत. फुलाचे भाग, गवताच्या जाती त्याला दाखवत. तो मुलगा म्हणजे हेन्री ए. वॉलेस (जन्म 1888, अडेर परगणा). त्या काळी आयोवात मक्याच्या कणसांची प्रदर्शने भरत. सरळ ओळी, भरलेले टोक, एकसारखे दाणे असे देखणे कणीस बक्षीस मिळवी, आणि शेतकरी तेच बी म्हणून ठेवत. शाळकरी वॉलेसला शंका आली. त्याने बक्षीसपात्र आणि नापसंत अशा कणसांचे दाणे वेगवेगळ्या ओळींत पेरले, पीक निघाल्यावर मोजले, आणि देखणेपणाचा उत्पन्नाशी काही संबंध नाही हे पोराने सिद्ध केले. पुढे त्यांनी 1926 मध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली, तीच पुढची पायोनियर. 1940च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आयोवातली जवळपास सगळी मक्याची शेते संकरित बियाण्याखाली आली. वॉलेस 1933 ते 1940 कृषिमंत्री आणि 1941 ते 1945 उपराष्ट्राध्यक्ष होते. 1948 ची अध्यक्षपदाची निवडणूक ते सपशेल हरले, आणि राजकारणातला हा पराभवच लोकांच्या जास्त लक्षात राहिला. त्यांचे खरे मोठेपण त्या ओळीओळीने मोजलेल्या कणसांत आहे.

1940 च्या अखेरीस वॉलेस मेक्सिकोला गेले आणि तिथल्या शेतकऱ्यांची हलाखी पाहून आले. त्यानंतर रॉकफेलर फाउंडेशन या अमेरिकी धर्मादाय संस्थेने तिथे शेतीसंशोधनाचे काम सुरू केले. 1944 मध्ये त्या कामावर रुजू झालेला तरुण होता नॉर्मन बोरलॉग. 25 मार्च 1914 रोजी क्रेस्को गावाजवळ नॉर्वेजियन वंशाच्या शेतकरी कुटुंबात तो जन्मला आणि एकखोली शाळेत शिकला. मेक्सिकोत बोरलॉग यांनी आधी तांबेऱ्याला दाद न देणारा गहू तयार केला. पण खत वाढवले की उंच गहू ओंबीच्या भाराने लोळायचा. यावर उपाय म्हणून त्यांनी जपानी बुटक्या गव्हाचा संकर केला. पीक आखूड, ताठ आणि भरघोस आले.

1966 साली भारताने या वाणांचे 18,000 टन बियाणे आणले. मेक्सिकोच्या गव्हाचा दाणा लालसर होता, आपल्याकडच्या पोळीला तो पसंत पडेना. भारतीय संशोधकांनी त्याच साहित्यातून निवड करून अंबरी दाण्याचे कल्याणसोना आणि सोनालिका हे वाण दिले. म्हणून हे यश एकट्या बोरलॉग यांचे म्हणता येत नाही, आणि डॉ. स्वामिनाथन व त्यांचे सहकारी यांच्याशिवाय ही हकिगत अपुरी राहते. रासायनिक खते आणि उपसलेले भूजल यांची किंमत पंजाब आजही मोजतो आहे, हेही नोंदवले पाहिजे. बोरलॉग यांना 1970 मध्ये शांततेचे नोबेल आणि 2006 मध्ये पद्मविभूषण मिळाले.

त्यांनी 1986 मध्ये स्थापलेला जागतिक अन्न पुरस्कार दे मॉइनमध्ये दिला जातो. 1987चे पहिले मानकरी स्वामिनाथन, आणि 1998चे मानकरी जालन्याचे बद्रीनारायण बारवाले, महिको या बियाणे कंपनीचे संस्थापक. मराठवाड्यातल्या बियाणे उद्योगाचा सन्मान मक्याच्या राज्यात झाला, ही मराठी वाचकाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर (जन्म 1874, वेस्ट ब्रांच) हे लोहाराचे पुत्र. नवव्या वर्षापर्यंत आईवडील दोघेही गेले आणि अकराव्या वर्षी त्यांना मामाकडे ऑरेगनला धाडले. ते जन्मले ते दोन खोल्यांचे घर अजून जपलेले आहे. 1929 च्या महामंदीचा ठपका त्यांच्यावर कायमचा बसला. पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला त्यांनी अन्न पोचवले, ते मात्र फार थोड्यांना आठवते.

कॅरी चॅपमन कॅट विस्कॉन्सिनमध्ये जन्मल्या, पण वाढल्या आयोवातल्या चार्ल्स सिटीजवळ. 1880 मध्ये एम्सहून पदवी घेणाऱ्या त्यांच्या वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. 1920च्या ज्या घटनादुरुस्तीने अमेरिकी स्त्रियांना मताधिकार मिळाला, तिच्यामागच्या चळवळीचे अखेरचे नेतृत्व त्यांचे.

विज्ञानात तीन नावे पुरेत. माउंट प्लेझंटचे जेम्स व्हॅन ॲलन यांच्या उपकरणांनी 1958 मध्ये पृथ्वीभोवतीचे किरणोत्सारी पट्टे शोधले. ग्लॅडब्रुकचा क्लिफर्ड बेरी याने एम्सला प्राध्यापक ॲटानासॉफ यांच्यासोबत अगदी सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक संगणक बांधला. बर्लिंग्टनला जन्मलेले रॉबर्ट नॉइस हे एकात्मिक सर्किटचे, म्हणजे संगणकातल्या चिपचे, एक जनक आणि 1968 मध्ये स्थापन झालेल्या इंटेलचे सहसंस्थापक. विद्यार्थिदशेत मेजवानीसाठी डुक्कर चोरल्याबद्दल ग्रिनेल महाविद्यालयाने त्यांना एका सत्रासाठी काढले होते. डुक्कर म्हणजे शेतकऱ्याची पुंजी, आयोवात ती थट्टा चालत नाही.

करमणुकीच्या जगात चित्रपट अभिनेते जॉन वेन आणि बँडवाले ग्लेन मिलर ही नावे ठळक. वेन यांचे जन्मगाव विंटरसेट. एम्सला जाण्याआधी कार्व्हरही काही काळ तिथेच राहिले होते.

चित्रकार ग्रँट वुड (जन्म 1891, अनामोसाजवळ) यांचे ‘अमेरिकन गॉथिक’ हे 1930चे चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्यातल्या शेतकऱ्याच्या हातात तीन दात्यांची पंजेटी आहे. नीट पाहिले तर त्याच पंजेटीची आकृती त्याच्या डगल्याआतल्या ओव्हरऑलच्या छातीवरच्या शिवणीतही उमटलेली दिसते. चित्रातली बाई म्हणजे वुड यांची बहीण नॅन, आणि शेतकरी म्हणजे त्यांचे दातांचे डॉक्टर. दोघांनाही त्यांनी वेगवेगळे बसवून रंगवले. मागचे टोकदार खिडकीचे पांढरे लाकडी घर एल्डन गावात अजून उभे आहे. लोक तिथे हातात पंजेटी धरून, गंभीर चेहऱ्याने, जोडीने फोटो काढून घेतात.