१९४३ ची बारावी: युद्धात शाळा संपवलेली अमेरिकी पिढी

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे साधारण नववी ते बारावी. शेवटच्या वर्षाची मुलं निघताना इयरबुक छापतात. फोटोंशिवाय त्यात वर्गाचा इतिहास असतो आणि बहुतेकदा वर्गाचं भविष्यही. भविष्य म्हणजे निव्वळ टवाळी: अमका वीस वर्षांनी सर्कस काढेल, तमकी हॉलिवूड गाजवेल. दुसऱ्या महायुद्धात या टवाळीतली हवाच गेली. वीस वर्षं सोडा, पुढच्या जूनपर्यंत कोण कुठे असेल हेच ठाऊक नव्हतं. मग सतरा-अठरा वर्षांची मुलं मागे वळून बघू लागली.

मागे काय दिसायचं, ते वर्ग कोणत्या सालचा यावर होतं. १९४२ च्या वर्गाने सव्वातीन वर्षांची शांतता पाहिली होती. ७ डिसेंबर १९४१ च्या रविवारी जपानने हवाईतल्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा त्यांचं शेवटचं वर्ष निम्मंही झालेलं नव्हतं. १९४५ चा वर्ग नववीत आला तोच या हल्ल्याच्या तीन महिने आधी, त्यामुळे त्यांच्या लेखी हायस्कूल आणि युद्ध वेगळं नव्हतंच. मधल्यांची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. १९४३ ची मुलं सप्टेंबर १९३९ मध्ये नववीत बसली आणि त्याच महिन्यात जर्मनी पोलंडमध्ये घुसली. पहिली दोन वर्षं ते युद्ध त्यांच्यासाठी समुद्रापलीकडची बातमी होतं, चौथ्या वर्षी ते घरी आलं.

घरी आलं ते कायद्याच्या वाटेने. सप्टेंबर १९४० मध्ये सक्तीची भरती सुरू झाली तेव्हा वयाची अट २१ ते ३५ होती, म्हणजे शाळकरी पोरांचा संबंध नव्हता. १३ नोव्हेंबर १९४२ रोजी ती खालची मर्यादा १८ वर आली. शैक्षणिक वर्षाच्या उत्तरार्धात बोलावणं आलं तर विद्यार्थ्याला वर्ष संपेपर्यंत मुदत मागता येई, पण पूर्वार्धात आलं तर ही सोय नव्हती. त्यातून नौदलात आईवडिलांच्या संमतीने सतराव्या वर्षीच जाता येत होतं, आणि काही जण सही घेऊन गेलेही. निरोप समारंभात अशा मुलांचं नाव पुकारलं की डिप्लोमा घ्यायला कधी आई पुढे यायची, कधी बहीण.

शाळा तोवर पुरती युद्धाच्या कामाला लागली होती. १९४२ च्या शरदात सरकारने ‘हायस्कूल व्हिक्टरी कोअर’ ही शाळकरी मुलांना युद्धासाठी तयार करणारी संघटना काढली. पहिल्या महायुद्धातला नामांकित वैमानिक एडी रिकनबॅकर तिच्या राष्ट्रीय समितीचा अध्यक्ष होता. गणित आणि भौतिकशास्त्राला विमानाचे पंख फुटले, व्यायामाचे तास कडक झाले. डिसेंबरपासून पेट्रोलचं रेशनिंग देशभर लागू झालं, मग लांबच्या सामन्यांवर आणि वर्गाच्या सहलींवर काट बसली. वर्गावर्गांत युद्धतिकिटं विकली जात. पंचवीस सेंटचं तिकीट पुस्तिकेत चिकटवायचं. अशी पंचाहत्तर जमली की १८.७५ डॉलर होत आणि त्यांचा एक बाँड, म्हणजे सरकारी कर्जरोखा, मिळे. दहा वर्षं थांबलं की त्याचे २५ डॉलर. म्हणजे १९४३ साली घेतलेला बाँड पिकणार १९५३ मध्ये! वर्गाचं भविष्य लिहायला हात धजत नव्हता, पण सरकारी छापखाना ते खुशाल तारखेसकट विकत होता.

एप्रिल १९४३ मध्ये देशभरच्या शाळांत लष्कर आणि नौदलाची एक संयुक्त परीक्षा झाली. हुशार मुलांना गणवेशात पण कॉलेजात ठेवायचं, इंजिनिअरिंग आणि भाषा शिकवायच्या, असा बेत होता. आईबापांना हायसं वाटलं असणार. परंतु १९४४ च्या सुरुवातीला लष्कराला पायदळात माणसं कमी पडू लागली आणि लष्कराचा कार्यक्रम जवळजवळ गुंडाळला गेला. सुमारे एक लाख दहा हजार जणांना वर्गातून उठवलं गेलं आणि त्यातले बहुतेक पायदळात गेले. डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियम-जर्मनी सरहद्दीवरच्या आर्देनच्या जंगलात जर्मनांनी वेढलेल्या अमेरिकी १०६ व्या डिव्हिजनमध्येही अशी मुलं होती. तिच्या दोन रेजिमेंटना शरण जावं लागलं. वर्गातले पहिले नंबर थेट खंदकात, असं हे गणित होतं.

मुलींचा उल्लेख अशा कथांत ओझरता येतो, तो अन्याय आहे. कॅडेट नर्स कोअर १९४३ मध्ये सुरू झाली आणि हायस्कूल संपवलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला नर्सिंगचं शिक्षण फुकट मिळू लागलं. दुसरीकडे कारखान्यांत पगार बरा मिळत असल्याने मुलं-मुली दोघंही शाळा सोडत होती. हायस्कूलची पटसंख्या दहा लाखांहून जास्त घटली. आधी तरुणांना कारखान्यांकडे ओढणाऱ्या सरकारवर ‘परत शाळेत चला’ अशी मोहीम काढायची पाळी आली.

आणि काहींना समारंभच मिळाला नाही. फेब्रुवारी १९४२ च्या सरकारी आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून पहाऱ्यातल्या छावण्यांत नेण्यात आलं. एकूण एक लाख वीस हजारांच्या आसपास, त्यातले दोन-तृतीयांश अमेरिकी नागरिक. वसंतात हे स्थलांतर चालू असताना बारावीच्या मुलांच्या हातातोंडाशी आलेला डिप्लोमा राहून गेला. पुढे छावण्यांतच शाळा भरल्या. कॅलिफोर्नियातल्या मंझानार इथे सुरुवातीला बाकंही नव्हती, मुलं बरॅकच्या जमिनीवर बसत. तरीही १९४४ मध्ये तिथल्या हायस्कूलने इयरबुक काढलं. त्यात फोटो होते तोयो मियाताके यांचे, ज्यांनी छावणीत गुपचूप भिंग आणून लाकडी पेटीचा कॅमेरा बनवला होता. नाटकं, संघ, हसरे चेहरे, सगळं इतर कुठल्याही अमेरिकी शाळेसारखं. फरक इतकाच, की या शाळेला पहारा होता.

अर्धवट सुटलेल्या शिक्षणाचा हिशेब नंतर वर्षानुवर्षं चालला. सैनिकांना हायस्कूलची समकक्षता देणारी जीईडी परीक्षा १९४२ मधलीच. माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या जून १९४४ च्या जीआय कायद्यामुळे त्यांच्यातल्या ७८ लाखांनी पुढचं शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं, मात्र वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला त्यातलं कमीच आलं. शतक सरताना मॅसॅच्युसेट्समधून शाळा सोडून लढायला गेलेल्या म्हाताऱ्यांना डिप्लोमा देण्याची प्रथा सुरू झाली आणि ती इतर राज्यांत पसरली. छावण्यांत नेलेल्या मुलांसाठी कॅलिफोर्नियाने असा कायदा केला तो २००३ मध्ये. तोवर १९४२ च्या वर्गातली मुलं ऐंशीच्या घरात पोचली होती.