मुलांना घेऊन डोंगरात चार-पाच दिवस: सामान भाड्याने नेण्याआधी

उन्हाळ्याच्या सुट्टीत सॅक-तंबू न्यायला येणारी मंडळी आधी विचारतात, सॅक किती लिटरची घ्यावी? आम्ही विचारतो, बरोबर सगळ्यात लहान कोण, आणि ते किती चालतं? सामान त्यानंतर ठरतं.

डोंगरातल्या चालीचा एक जुना हिशेब आहे: दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे 8 किलोमीटर आणि 600 मीटर चढाचा टप्पा अडीच-पावणेतीन तासांत व्हायला हवा. पण हा विश्रांती न घेणाऱ्या धडधाकट माणसाचा हिशेब. मुलं असतील तर सरळ दुप्पट धरा. पहाटे निघा. उन्हाळ्यात डोंगरावर दुपारनंतर ढग चढतात, विजा होतात, त्याआधी धार नाहीतर खिंड ओलांडून खाली आलेलं बरं. गडगडाट ऐकू आला की उघड्या जागेवर थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत वरही जाऊ नका.

आता ओझं. मोठ्यांनी आपल्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत, मुलांनी साधारण दहाव्या भागापर्यंत. 25 किलोच्या मुलाच्या वाट्याला अडीच किलो येतात: त्याचं जॅकेट, पाण्याची बाटली, थोडा खाऊ. बाकी सगळं आई-बाबांच्या पाठीवर, म्हणून कपडे कमी करा, तंबू हलका निवडा. मुलाला रिकाम्या पाठीनं मात्र चालवू नका. स्वतःची सॅक असली की ऐट येते आणि कुरकूर कमी होते, असा आमचा अनुभव.

सॅक नेण्याआधी वजन भरून इथेच घालून बघा. आधी कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांवर घट्ट करा, खांद्याचे पट्टे नंतर. भार कमरेनं पेलायचा असतो. जड वस्तू पाठीलगत, मध्यावर ठेवा.

पायथ्याशी कितीही उकडत असलं तरी दर 1000 मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. भिजलेलं मूल मोठ्यांपेक्षा लवकर गारठतं, तेव्हा झोपायचे कपडे आणि स्लीपिंग बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. ऊनही वर जास्त भाजतं. टोपी, सनस्क्रीन हवंच.

3000 मीटरच्या वर गेलात तर रोजचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा 500 मीटरहून जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती. लहान मुलाला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. ते चिडचिडं झालं, जेवेना, उलटी करू लागलं, तर उंची बाधली असं धरून चाला. आणखी वर जाणं बंद. त्रास वाढला तर लगेच खाली उतरा, रात्र असली तरी.

ओढ्याचं पाणी उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळा, 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं.

परत आल्यावर तंबू ओला असेल तर तसं सांगून द्या. घडी घालून ठेवलेल्या ओल्या तंबूला बुरशी लागते. आम्ही तो त्याच दिवशी वाळत घालू.